खोट्या वाटणीचा रियाज

पत्ते पिसायला आपल्याला कोणीतरी शिकवलेले असते, पण वाटायला सहसा कोणी शिकवत नाही. कॅट हातात येतो, डावा अंगठा वरचा पत्ता पुढे सरकवतो, उजवा हात तो उचलतो आणि डाव सुरू होतो. ही क्रिया इतकी साधी मानली जाते की तिच्याकडे निरखून पाहण्याचे कोणाला कारणच पडत नाही, आणि नेमक्या याच दुर्लक्षावर हस्तलाघवाची एक अत्यंत अवघड शाखा उभी आहे. वरचा पत्ता वाटला जात आहे असे दिसत असताना प्रत्यक्षात दुसराच पत्ता वाटणे, ही ती शाखा. वरचा पत्ता जागेवर राखून त्याच्या खालचा वाटला तर ती सेकंड डील, कॅटच्या तळाचा वाटला तर बॉटम डील आणि मधल्या ठरावीक जागेचा वाटला तर सेंटर डील. गेली काही वर्षे मी यांपैकी पहिल्या दोन प्रकारांचा नियमित सराव करते आहे. मराठीत या विषयावर सविस्तर लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे लेखन.

जादूगार रघुवीर यांच्यामुळे पुण्याला रंगमंचावरची जादू नवी नाही. परंतु ही विद्या रंगमंचावर दिसत नाही, कारण तिला लागतात ते हाताच्या अंतरावर बसलेले चार-पाच प्रेक्षक, आणि ती यशस्वी झाली तर त्यांना काहीच दिसत नाही. टाळी मिळेल असा क्षण तिच्यात नसतो. त्यामुळे ती शिकणाऱ्याला आनंद मिळवायचा तो सरावातूनच मिळवावा लागतो, आणि माझ्या मते हा आनंद खूप मोठा आहे.

शिकताना मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटले ते आधीच सांगते. खोट्या वाटणीच्या शिक्षणाचा मोठा भाग खऱ्या वाटणीतच जातो. समोर बसलेल्या माणसाला सेकंड डील म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी त्याचा डोळा सतत तुलना करत असतो. दहा पत्ते एका पद्धतीने गेले आणि अकरावा किंचित वेगळ्या पद्धतीने गेला, तर काय घडले हे त्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी घडले हे त्याला जाणवेल. म्हणून बहुतेक नवशिके खोटी वाटणी खरीसारखी करण्याच्या मागे लागतात. मला उलट दिशेने जाणे अधिक फलदायी वाटले. आधी आपली खरी वाटणीच अशी घडवायची की तिच्यात खोट्या वाटणीतल्या प्रत्येक हालचालीला निष्पाप जागा असेल. सेकंड डीलमध्ये वरचा पत्ता पुढे येऊन पुन्हा मागे जातो आणि त्यासाठी डावा अंगठा मागे सरकतो. मग खऱ्या वाटणीतही प्रत्येक पत्त्यानंतर डावा अंगठा तेवढाच मागे सरकला पाहिजे. बॉटम डीलमध्ये उजव्या हाताची बोटे कॅटच्या कोपऱ्याखाली जातात. मग वरचा पत्ता घेतानाही ती त्याच कोपऱ्याशी, तितकीच खोल गेली पाहिजेत. असे केल्यावर खरी आणि खोटी यांच्यात जो फरक उरतो तो केवळ बोटांच्या पेरांइतका असतो, आणि तेवढा फरक झाकणे हे मानवी हाताला शक्य आहे.

यासाठी मी सुरुवातीला बराच काळ एकही खोटा पत्ता न वाटता केवळ स्वतःची वाटणी मोबाइलवर चित्रित करून पाहिली. आपल्यापैकी बहुतेकांची एक अशी वाटणी नसतेच, हे त्यातून कळले. घरी झब्बू, मेंढीकोट आणि रमी खेळत मोठ्या झालेल्या माणसाच्या हातात अनेक सवयी मिसळलेल्या असतात. कोणी अंगठा जिभेला लावतो, कोणी दर पत्त्याला कॅट झटकतो, जवळच्याच्या पुढे पत्ता ठेवतो आणि लांबच्याकडे भिरकावतो. या सगळ्या सवयी हळूहळू काढून एक समान हालचाल बसवावी लागते. ती बसल्यावर मी शनिवार पेठेतल्या माझ्या आत्यासमोर नुसतेच वाटून दाखवले, कशासाठी ते न सांगता. ती म्हणाली, “अगं, पत्ते वाटते आहेस की मोजते आहेस?” हा अभिप्राय मला कोणत्याही पुस्तकातल्या सूचनेपेक्षा उपयोगी पडला. अतिशय नेटकी वाटणीही संशयास्पद असते. घरच्या माणसाच्या वाटणीत जी थोडी बेफिकिरी असते ती राखूनच तिला शिस्त लावावी लागते.

कॅट धरण्याच्या पद्धतीपासून पुढचे सर्व ठरते. या क्षेत्रात जिला मेकॅनिक्स ग्रिप म्हणतात तिच्यात कॅट डाव्या तळहातात तिरपा बसतो, तर्जनी पुढच्या कडेला वळलेली असते, उरलेली तीन बोटे उजव्या कडेला असतात आणि अंगठा वर आडवा. पुढची तर्जनी पत्त्यांना घसरू देत नाही आणि समोरून दिसणारा कॅटचा बराच भागही झाकते. दुसऱ्या एका पद्धतीत करंगळी मागच्या कोपऱ्यावर येते आणि कॅट पुढून-मागून पकडलेला राहतो. बॉटम डीलसाठी ही किंवा तिच्या जवळपासची पकड अनेकांना सोयीची वाटते, कारण तळाचा पत्ता निसटताना उरलेला कॅट स्थिर ठेवायचा असतो. मी दोन्ही करून पाहिल्या आणि पहिलीच ठेवली. माझी बोटे आखूड आहेत. दुसऱ्या पकडीत करंगळीवर ताण येतो आणि तो ताण मनगटात दिसतो.

सेकंड डीलच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीला स्ट्राइक म्हणतात. तिच्यात डावा अंगठा वरचा पत्ता इतकाच सरकवतो की खालच्या पत्त्याच्या कोपऱ्याची बारीकशी पट्टी उघडी पडावी. उजव्या हाताचा अंगठा वरचा पत्ता घ्यायला आल्यासारखा येतो, त्या पट्टीवर टेकतो आणि खालचा पत्ता ओढून नेतो. त्याच वेळी डावा अंगठा वरचा पत्ता मागे घेतो. दुसरी पद्धत पुश-ऑफ. तिच्यात डावा अंगठा दोन पत्ते एकच असल्यासारखे पुढे ढकलतो, उजवा हात त्यांतला खालचा घेतो आणि वरचा परत जातो. स्ट्राइकमध्ये उजव्या अंगठ्याला अचूक जागा सापडावी लागते, पण ती सापडू लागली की पद्धत भरवशाची आहे. पुश-ऑफ पाहायला अधिक नैसर्गिक वाटते, कारण उजवा हात अगदी सैलपणे येऊ शकतो. पण प्रत्येक वेळी दोनच पत्ते, तेही कडेला कड जुळवून ढकलणे हे अंगठ्याच्या त्वचेवर, दाबावर आणि हवेवरसुद्धा अवलंबून असते. शिकणाऱ्याने स्ट्राइकने सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. सरावासाठी वरचा पत्ता सुलटा करून ठेवावा, म्हणजे समजा इस्पिकचा एक्का वर दिसत राहील आणि त्याच्या खालून एकेक उलटा पत्ता निघत जाईल. एक्का हललाच नाही असे वाटले पाहिजे. हीच गोष्ट पुढे प्रात्यक्षिक म्हणून लोकांना दाखवता येते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा त्यावर खरोखर विश्वास बसत नाही.

बॉटम डीलमध्ये अडचण वेगळी असते. तळाचा पत्ता उजव्या हातात जाताना डाव्या हाताच्या बोटांना वाट करून द्यावी लागते, आणि ती बोटे उघडली की समोरून व उजवीकडून ती उघडझाप ठळक दिसते. काही जण अनामिकेने तळाचा पत्ता किंचित वाकवून मोकळा करतात, काही जण उजव्या मधल्या बोटाने तो सरळ ओढतात. कधी तळाचा आणखी एक पत्ता अर्धवट बाहेर येऊन लोंबत राहतो. जाणकार माणूस आधी त्याच गोष्टीवर लक्ष ठेवतो. बोटे उघडायचीच असतील तर खऱ्या पत्त्यालाही तेवढीच उघडली पाहिजेत, हा सुरुवातीचा नियम इथेही लागू होतो, पण इथे तो पाळणे फार जड जाते आणि त्यामुळेच बॉटम डील पक्की व्हायला सेकंडपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो.

आता लयीबद्दल, कारण माझ्या सरावाचा निम्म्याहून अधिक वेळ लयीवरच जातो. खोटा पत्ता वाटणाऱ्याचा हात फसतो तो त्या पत्त्याच्या आधी. मन तयारी करते, आणि त्या तयारीचा एक सूक्ष्म थांबा वाटणीत उमटतो. हा थांबा स्वतःला जाणवत नाही. म्हणून बाहेरचे माप लागते. मेट्रोनोमची टिकटिक मला कोरडी वाटली, म्हणून मी तबल्याचे ॲप लावून मध्यलयीतल्या तीनतालावर वाटू लागले, दर मात्रेला एक पत्ता. चौघांचा डाव धरला तर चार मात्रांच्या एका विभागात वाटणीची एक फेरी पूर्ण होते आणि सोळा मात्रांच्या एका आवर्तनात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात. वाटणाऱ्याला पत्ता शेवटी येतो, म्हणजे चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या मात्रेवर, आणि तळाचा पत्ता वाटायचा तो याच मात्रांवर. सोळाव्या मात्रेवरचा खोटा पत्ता विशेष कठीण, कारण लगेच येणाऱ्या समेवर पुढचा खरा पत्ता वेळेवर पडावा लागतो. पाच जणांची वाटणी असेल तर झपताल लावावा. दहा मात्रांत दोन फेऱ्या होतात आणि आपला पत्ता पाचव्या व दहाव्या मात्रेवर येतो. तिघांसाठी एकताल चालतो. ज्याने थोडेफार संगीत ऐकले आहे त्याला हात कुठे मागे राहिला हे तत्काळ कळते. पुढे खोट्या पत्त्याची मात्रा बदलत जावी, तालातल्या खालीच्या मात्रेवर आणावी, सलग दोन मात्रांवर आणावी आणि शेवटी ती आधी न ठरवता वाटत असतानाच ठरवावी.

लयीइतकाच आवाज महत्त्वाचा आहे. वरचा पत्ता सुटतो तेव्हा त्याची एकच बाजू घासली जाते. दुसऱ्या क्रमांकाचा पत्ता सुटतो तेव्हा तो दोन पत्त्यांच्या मधून येतो आणि दोन्ही बाजू घासल्या जातात. त्यामुळे त्याची सळसळ थोडी जाड असते. खेळाची खोली शांत असेल तर ती ऐकू येते. मी डोळे मिटून स्वतःची वाटणी ऐकते आणि खऱ्या पत्त्यावरचा दाब थोडा वाढवून दोन्ही आवाज जवळ आणण्याचा प्रयत्न करते. सनमायकाच्या टेबलावर पत्ता पडण्याचा टक्‌ असा आवाज बरेच झाकून टाकतो. सतरंजीवर तो आधार मिळत नाही.

सतरंजीचा विषय निघाला म्हणून सांगते, या विषयावरचे पाश्चात्त्य लेखन हे गृहीत धरते की सगळे जण टेबलाभोवती खुर्च्यांवर बसले आहेत. तिथे कॅट छातीच्या उंचीला असतो, कोपराला टेबलाचा आधार असतो आणि समोरच्याची नजर कॅटवर जवळपास आडवी येते. आपल्याकडे गणेशोत्सवात मांडवात जागरणाला पत्ते रंगतात, दिवाळीच्या सुट्टीत घराघरांत डाव पडतात, आणि हे सगळे जमिनीवर मांडी घालून. तिथे हात अधांतरी असतात, कॅट मांडीजवळ खाली असतो आणि समोरच्याची, शिवाय मागे उभे राहून डाव पाहणाऱ्यांची, नजर वरून पडते. वरून पाहणाऱ्याला सेकंड डीलमध्ये मागे जाणारा पत्ता अधिक दिसतो, तर बॉटम डीलमधली बोटांची उघडझाप त्या मानाने कमी दिसते. म्हणजे टेबलावर जी पद्धत सुरक्षित ती सतरंजीवर उघडी पडू शकते. मी दोन्ही बैठकींचा वेगवेगळा सराव करते, आणि जमिनीवर बसताना कॅटचा पुढचा भाग थोडा वर उचलून धरते, त्यामुळे पाहणाऱ्याचा कोन काहीसा टेबलासारखा होतो.

पत्त्यांची निवड हीसुद्धा किरकोळ बाब नाही. अप्पा बळवंत चौकात किंवा तुळशीबागेत सहज मिळणारे साधे कॅट बहुधा अरुंद, म्हणजे ब्रिजच्या मापाचे, सुमारे ५७ मिलिमीटर रुंदीचे असतात. आखूड बोटांना ते सोयीचे जातात, पण त्यांचा पृष्ठभाग लवकर खराब होतो आणि मग पत्ते एकमेकांना चिकटू लागतात. पोकर मापाचा पत्ता सुमारे ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतो. या कलेतले बहुतेक लोक अमेरिकेत १८८५ पासून निघणारे बायसिकल पत्ते किंवा त्याच कंपनीचे १८९२ पासून निघणारे बी पत्ते वापरतात. या दोहोंतला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक पाठीच्या नक्षीत आहे. बायसिकलच्या नेहमीच्या पाठीला पांढरी चौकट असते, त्यामुळे वरचा पत्ता जरा हलला की ती पांढरी रेघ हललेली दिसते. बी पत्त्यांची चौकोनांची नक्षी कडेपर्यंत गेलेली असते आणि ती हालचाल गिळून टाकते. म्हणूनच सराव पांढऱ्या चौकटीच्या पत्त्यांवर करावा. सोय करून देणाऱ्या पत्त्यांवर शिकलेला हात दुसऱ्या पत्त्यांवर उघडा पडतो.

पुण्याच्या हवेचा परिणाम मला पहिल्या वर्षभरातच कळला. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की अंगठा पत्त्यावरून नुसता घसरतो आणि पुश-ऑफमध्ये दोनऐवजी एकच पत्ता पुढे येतो. अशा दिवसांत सरावाच्या बऱ्याच आधी हात धुऊन थोडे क्रीम मुरवून ठेवले तर त्वचेला पकड येते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होते. कागद ओल शोषतो, कॅट फुगतो, पत्त्यांना बाक येतो आणि शेजारचे दोन पत्ते आपण न सांगताच जोडीने पुढे सरकतात. पावसाळ्यात पुश-ऑफ एकदम छान जमू लागली असे वाटते ते यामुळे; त्या यशावर विसंबू नये. कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह आणि वर थोडे वजन ठेवून जपला तर बराच टिकतो.

या विद्येचा इतिहास मला तिच्या तंत्राइतकाच प्रिय आहे. १९०२ साली शिकागोमध्ये ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असे छापलेले होते, पण ते टोपणनाव होते आणि त्यामागचा खरा माणूस कोण, यावर शंभरहून अधिक वर्षांनंतरही एकमत नाही. एम. डी. स्मिथ या चित्रकाराने हातांच्या चित्रांनी ते सजवले आहे. तळाची आणि दुसरी वाटणी त्यात ज्या काटेकोरपणे मांडली आहे त्या काटेकोरपणाने आधी कोणी लिहिले असेल असे वाचताना वाटत नाही, आणि आजही शिकणाऱ्याला त्यापासून सुरुवात करता येते. कॅनडात १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन यांनी हे पुस्तक लहानपणीच पाठ केले आणि पुढे ते विसाव्या शतकातले पत्त्यांच्या जादूतले सर्वांत प्रभावी नाव ठरले.

व्हर्नन यांचीच एक हकिकत या विषयात सर्वांना प्रिय आहे. बॉटम डीलवर जुगाराच्या टेबलाचा साधा उपाय म्हणजे पत्ते कापणे. तळाशी जमवलेले पत्ते कापल्यावर कॅटच्या मधोमध जातात आणि वाटणाऱ्याचा खटाटोप वाया जातो. त्या मधल्या जागेवरूनच कोणी वाटू शकला तर कापण्याला अर्थच उरत नाही. असे कोणी करू शकतो यावर त्या काळच्या बहुतेक जाणकारांचा विश्वास नव्हता. १९३२ साली कॅन्सस राज्यातील विचिटाच्या तुरुंगात अमाडोर व्हियासेन्योर नावाच्या मेक्सिकन जुगाऱ्याने व्हर्नन यांना सांगितले की आपण असा माणूस पाहिला आहे. व्हर्नन यांनी त्याचा शोध घेतला आणि मिझुरीतील प्लेझंट हिल या छोट्या गावात त्यांना ॲलन केनेडी सापडला, जो खरोखर मधून पत्ता वाटत असे. कोणी पाहणार नाही असे एक तंत्र एका माणसाने आडगावात वर्षानुवर्षे घासले, आणि दुसऱ्याने ते केवळ एकदा पाहता यावे म्हणून त्याला शोधून काढले, हे मला अतिशय हृद्य वाटते. सेंटर डील मी स्वतः करत नाही. कापलेल्या जागी बोटाने फट राखून तिथून पत्ता काढणे मला तत्त्वतः समजते, पण बॉटम पक्की झाल्याशिवाय तिकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

आणि रिचर्ड टर्नर. १९५४ साली जन्मलेल्या या अमेरिकन कलाकाराची दृष्टी नवव्या वर्षापासून जात गेली आणि पुढे पूर्णपणे गेली. सेकंड आणि बॉटम डीलमध्ये त्यांच्या तोडीचे हात जगात फार थोडे आहेत. पत्त्यांच्या कंपनीने पत्त्यांचा स्पर्श तपासण्यासाठी त्यांचा सल्ला घेतला आहे, आणि २०१७ साली त्यांच्यावर ‘डेल्ट’ नावाचा माहितीपट आला. त्यांची वाटणी पाहिल्यावर माझ्या सरावात एक बदल झाला: मी हातांकडे पाहणे सोडले. हाताकडे पाहणारा वाटप्या समोरच्यालाही हाताकडे पाहायला लावतो, आणि बोटांना जे कळायला हवे ते डोळ्यांनी कळवण्याची सवय लागली की बोटे शिकत नाहीत.

जुगाराचा प्रश्न विचारला जातो, म्हणून त्यावरही माझी भूमिका मांडते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि पैशाच्या डावात अशी वाटणी करणे ही सरळ चोरी आहे. आपल्या परंपरेने या दोन गोष्टी कधीच एकत्र केल्या नाहीत. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत हस्तलाघव आहे, ऐंद्रजाल आहे. तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, द्यूतातल्या लबाडीला दंड सांगितला आहे आणि जिंकलेले परत घ्यावे असेही म्हटले आहे. माझा स्वतःचा नियम असा की ज्या डावाला हार-जीत आहे, मग ती शेंगदाण्यांची का असेना, त्यात मी वाटत नाही. माझ्या ओळखीच्या सर्वांना मी काय शिकते हे ठाऊक आहे, आणि पाळी माझी आली की कॅट शेजारच्याकडे जातो. आत्याने तर आता माझ्याकडून पिसण्याचे कामही काढून घेतले आहे.

हे ज्ञान बचावाच्या बाजूनेही उपयोगी पडते. आपल्याकडे वाटप्याने कॅट पुढे केला की कापण्याऐवजी नुसती टिचकी मारून ‘वाट’ म्हणण्याची पद्धत रूढ आहे. हा सौजन्याचा भाग असला तरी त्यामुळे वाटणीवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त संरक्षण आपण आपल्या हाताने सोडून देतो. कॅसिनोत कापल्यावर तळाशी एक रंगीत प्लॅस्टिकचा पत्ता ठेवतात, त्यामुळे तळाचा पत्ता ना दिसतो ना वाटता येतो. पोकरमध्ये प्रत्येक टप्प्याआधी वरचा पत्ता बाजूला टाकतात, कारण खुणेच्या पत्त्यांमुळे तो कोणाला माहीत असेल तर त्याचा उपयोग होऊ नये. अनेक कॅटच्या खेळांत पत्ते हातात न धरता पेटीतून एकेक काढतात, म्हणजे या लेखात वर्णन केलेल्या पकडीला जागाच राहत नाही. प्रत्येक नियमामागे कोणीतरी केलेली वाटणी आहे.

सराव करणाऱ्याने आरशावर फार विसंबू नये. आरशात पाहताना आपण नेमक्या त्या क्षणी डोळे मिचकावतो आणि आपली आपल्याला फसवणूक होते. मोबाइल समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, मग तोच उजवीकडे आणि शेवटी वरून ठेवावा, आणि मंद गतीने चित्रित करावे. चित्रण लगेच पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पाहावे, कारण तोपर्यंत कोणता पत्ता खोटा होता हे विसरायला होते आणि मग आपण परक्याच्या नजरेने पाहू शकतो. खोटा पत्ता कोणता हे स्वतःलाच ओळखता आले नाही, तर त्या कोनापुरते काम झाले.

सध्या मी ज्यावर काम करते आहे तो टप्पा बोलण्याचा आहे. खोट्या पत्त्याशी आले की वाक्य अडखळते, शब्दामधली जागा लांबते, आणि हाताने राखलेले जिभेने घालवले जाते. सुरुवातीला मी मनाचे श्लोक म्हणत वाटत असे, पण पाठ असलेले जिभेवर आपोआप येते आणि त्याने परीक्षा होत नाही. म्हणून आता बहिणीला समोर बसवते. ती मला बाजारभाव, नातेवाइकांची खुशाली, वीजबिलाची तारीख असे काहीही विचारत जाते आणि मी उत्तरे देत चौघांची वाटणी पुरी करते. स्ट्राइक आणि बॉटममध्ये उत्तर आता थांबत नाही. पुश-ऑफ अजून तशी होत नाही. तिच्यासाठी कोरड्या हवेचे महिने राखून ठेवले आहेत, कारण तेव्हा जमली तर ती बाकी वर्षभर जमेल.